कच्ची शिलाई

चौथं नाव गळून पडलं तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

मी तो पुन्हा लावला. रविवारची दुपार होती, दुकानात ब्लाउजच्या ट्रायलला आलेल्या तीन बायका बसल्या होत्या, आणि सगळ्या देशाला जे दिसत होतं ते आम्ही न बघून काय थांबणार होतं? पडद्यावर अमेरिकन फुटबॉलची मॅच, बर्फमिश्रित पाऊस, चिखल, आणि आमच्या टीमचे कपाटाएवढे खेळाडू. एक जण आदळला, उठला, तर त्याच्या पाठीवरची नावाची पट्टी एका टोकाने लोंबत होती. पुढच्या धडकेला ती चिखलात पडली. समोरच्या टीमच्या माणसाने ती उचलली, वाचली आणि सभ्यपणे त्याच्या हातात दिली. कॉमेंटरीवाले दोघे हसत सुटले. मग पाचवं गेलं. सहावं गेलं. सातवं गेलं तेव्हा कॅमेरा मैदानाच्या कडेला वळला. तिथे टीमचं जॅकेट घातलेली एक बाई चिकटपट्टीचं रीळ घेऊन धावत होती. ती शिल्पा, मास्तरांची एकुलती एक मुलगी. टीमचे कपडे, बूट, हेल्मेटं, सगळं तिच्या ताब्यात असायचं.

"आता हिला काढणार," मास्तर म्हणाले.

"तुमच्यामुळे," मी म्हटलं. "कच्ची शिवा म्हणून तुम्ही सांगितलंत."

"टाके तुमच्या हातचे आहेत, बाई."

दोन्ही खरं होतं. ट्रायलला आलेल्यांपैकी एक वहिनी म्हणाल्या, "मास्तर, माझा ब्लाउज तरी पक्का शिवलाय ना?" मास्तरांनी चहाचा थर्मास उघडला आणि फक्त स्वतःला ओतून घेतला. तसे ते रोजच करत.

अमेरिकेतल्या आयसेलिन गावात, ओक ट्री रोड या देशी दुकानांच्या रस्त्यावर, एक सोनाराचं दुकान आणि एक मिठाईचं दुकान यांच्या मधल्या फटीत मास्तरांचं दुकान होतं. मी तिथे एकोणीस वर्षं शिवणकाम केलं. फॉल, पिको, हुक, अल्टरेशन. चौथीपर्यंत शाळा आणि इचलकरंजीत शिकलेली मशीन, एवढ्यावर मला अमेरिकेत दुसरं काही कोणी दिलं नसतं, आणि मी मागितलंही नाही. मास्तर मूळचे सोलापूरचे. तिथे ते पोलिसांचे गणवेश शिवत. गणवेशाचा खांदा बघून कोणता शिपाई नोकरीत टिकेल आणि कोणता सहा महिन्यांत घरी जाईल ते आपल्याला कळायचं, असं ते सांगत. किती वेळा खरं निघालं ते सांगत नसत.

त्यांच्या गळ्यात कायम टेप. लग्नाला टेप, देवळात टेप, बायको वारली तेव्हा फ्यूनरल होममध्येही टेप. लोक भेटायला येत होते आणि हे प्रत्येकाच्या कोटाची बाही बघत होते. वेस्ट विंडसरच्या एका डॉक्टरीणबाई दर दिवाळीला यायच्या. मास्तर माप घ्यायचे आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगायचे, "वहिनी, गेल्या वर्षीपेक्षा दोन इंच." त्या चिडून निघून जायच्या, दुसऱ्या शिंप्याकडे ब्लाउज बिघडवून घ्यायच्या आणि परत यायच्या. मास्तर तेव्हा म्हणायचे, "आता अडीच."

माणसापेक्षा कापडावर विश्वास, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण. एकदा लग्नाचा शालू घेऊन एक मुलगी आणि तिची आई आल्या. मास्तरांनी मुलीला माप द्यायला उभं केलं, मागून पुढून बघितलं आणि आईला म्हणाले, "कापड कापू नका. हे लग्न होत नाही." आई रडायच्या बेताला आली. मुलीने शांतपणे दुसरीकडे ब्लाउज शिवून घेतला. लग्न झालं, आता तिला जुळी मुलं आहेत. मी मास्तरांना हे तोंडावर सांगितलं तर म्हणाले, "शालू चांगला होता, म्हणून निभावलं." जे खरं ठरायचं ते त्यांच्या नजरेचं आणि जे खोटं ठरायचं ते कापडाचं.

टीमचं काम शिल्पाने आणलं. ती इथेच जन्मली, दुकानाच्या मागच्या खोलीत रिळांच्या खोक्यांवर बसून शाळेचा अभ्यास केला, आणि पुढे काय करावं तर त्या टीमच्या सामानाच्या खोलीत कामाला लागली. मराठी मंडळात लोक विचारायचे, "शिल्पा काय करते?" कोणाची मुलगी हार्टची डॉक्टर, कोणाची वकील. मास्तर सांगायचे, "हमालांचे कपडे सांभाळते." तिच्या वरचा माणूस रिटायर झाला तशी ती त्या खात्याची मुख्य झाली. मास्तरांनी वाक्य बदललं नाही. नावं शिवणारी जुनी कंपनी वेळेवर काम देत नव्हती, म्हणून तिने ऑफिसची परवानगी काढून ते काम, आणि शर्टांची दुरुस्तीही, आमच्याकडे दिली.

मला आधी वाटलं होतं, टीममध्ये त्रेपन्न माणसं, त्रेपन्न नावं एकदा शिवली की वर्षाचं काम संपलं. तसं नव्हतं. सीझन सप्टेंबरला सुरू होतो, सतरा मॅचेस असतात, आणि दर मंगळवारी कोणाला तरी काढून नवीन माणूस आणतात. जुन्याचं नाव उसवायचं, नव्याचं शिवायचं. आमची टीम दर रविवारी हरत होती, त्यामुळे दर मंगळवारी जास्त माणसं बदलत होती, आणि बदलल्यामुळे पुन्हा हरत होती. एक दोन वर्षांत मला नावं उसवायची एवढी सवय झाली, की टीव्हीवर कोणी चांगला खेळला तरी मला त्याच्या नावातली अक्षरं मोजावीशी वाटत.

मास्तरांना उसवण्याचा राग होता. माझ्या श्रमांचं त्यांना काही नव्हतं. "उसवलं की कापडाला भोकं पडतात," ते म्हणायचे. "माणूस जातो, भोकं राहतात. मग त्या भोकांवर दुसऱ्याचं नाव. ही काय शिवणकामाची पद्धत झाली?"

म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. नवीन पट्टी आली की ते तिच्या उलट्या बाजूला खडूने खूण करायचे. ठिपका म्हणजे पक्की, बारीक टाका, टोकांना उलटी टीप, वर आणखी एक फेर. रेघ म्हणजे कच्ची, लांब टाका, टोकं तशीच मोकळी. टिकणाऱ्याला ठिपका, जाणाऱ्याला रेघ. आधी पक्क्या शिवलेल्या एखाद्याचे दिवस भरले असं वाटलं, तर त्याचीही पट्टी माझ्याकडून हळूच उसवून कच्ची करून घ्यायचे. मंगळवारी त्या माणसाला काढलं की एक दोरा ओढायचा, पट्टी हातात. ओढलेल्या पट्ट्या ते इस्त्री करून बिस्किटांच्या डब्यात ठेवत.

"आणि कच्च्यावाला राहिला तर?" मी विचारलं होतं.

"राहत नाही."

खरंच राहत नसे. सहा सीझन ही पद्धत चालली, आणि मैदानावर एकही नाव कधी सुटलं नाही. यात मास्तरांना चमत्कार वाटायचा. मला त्यात काही चमत्कार दिसला नाही. कच्च्या नावाची माणसं बाकावर बसून असायची. बाकावर बसून नाव कशाने सुटेल? त्या रविवारी मात्र टीम इतकी मार खात होती, की कोचने वैतागून खेळणाऱ्यांना बसवलं आणि बसलेल्यांना खेळवलं, तेही बर्फात. एवढंच घडलं.

मास्तर स्वतः तो खेळ कधी बघत नसत. "अर्धा वेळ नुसते उभे असतात," ते म्हणायचे. "पाच सेकंद धावायचं, मग पाच मिनिटं चर्चा. आमच्या सोसायटीची मीटिंग याच्यापेक्षा जोरात चालायची."

एकदा काढलेला एक खेळाडू दुकानात आला होता. दारातून आडवा होऊन आत आला. नवऱ्यामुलींना बसवायच्या स्टुलावर बसला, स्टूल गेलंच असं मला वाटलं. त्याला त्याचं नाव हवं होतं, आईला द्यायला. मास्तरांनी डबा उघडला, पट्टी शोधली, पुन्हा एकदा इस्त्री केली आणि पातळ कागदात गुंडाळून दिली. मग सवयीने त्याच्याभोवती टेप फिरवली आणि म्हणाले, "डावा खांदा उतरलाय. डॉक्टरला दाखव." तो हो म्हणाला. दाखवला की नाही, माहीत नाही.

मंगळवारी टीमने सात जणांना काढलं. ज्यांची नावं रविवारी गळाली, तेच सात.

त्याच संध्याकाळी शिल्पाचा फोन आला. मास्तर फोन कायम स्पीकरवर टाकत, हात मोकळे राहावेत म्हणून.

"बाबा, ती लिस्ट शनिवारीच ठरली होती. फक्त चार लोकांना माहीत होती. आणि मला, कारण मला त्यांच्या लॉकरच्या बॅगा रेडी ठेवायच्या होत्या. आता ते म्हणतायत मी लीक केली."

"तू मला काही सांगितलं नाहीस."

"आय नो. पण बाबा, सेव्हन आउट ऑफ सेव्हन. कोण बिलिव्ह करणार? उद्या वकील येणार आहे. तुम्हाला आणि मावशींना बोलावलंय. तुम्ही कसं ओळखलंत ते प्लीज नीट सांगा. माझा जॉब आहे यार यात."

"बघू," मास्तर म्हणाले.

"बघू काय, बाबा?"

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, उद्या चांगलं पातळ नेसून या."

टीमचं ऑफिस म्हणजे काचेची इमारत. भिंतीवर जुन्या विजयांचे फोटो होते, आणि ते खरोखर जुने होते, काळेपांढरे. आम्हाला एका लांब टेबलापाशी बसवलं. समोर टीमचा मोठा साहेब, त्याच्या बाजूला वकीलबाई, आणि लॅपटॉप उघडून बसलेला एक टकला माणूस. कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं ते तो कॉम्प्युटरवर काढतो, असं शिल्पाने सांगितलं. शिल्पा टेबलाच्या टोकाला बसली होती, अंगात टीमचं जॅकेट, छातीवर नावाची पट्टी. सहा वर्षं ती त्या खात्याची मुख्य होती. त्या दिवशी तिला खुर्चीसुद्धा भिंतीजवळची दिली होती.

वकीलबाईंनी विचारलं, ही सात नावं तुम्हाला कोणी दिली?

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं.

मग कशावरून कळलं?

मास्तरांनी टेप दोन्ही हातांनी सारखी केली. "मला कळतं. नजर असते एकेकाची."

वकीलबाईंनी लिहिलं नाही. त्यांनी शिल्पाकडे बघितलं. टकल्या माणसाने विचारलं, किती आणि कोणकोणत्या गोष्टी तुम्ही विचारात घेता? आम्ही दोनशेच्या वर घेतो.

"ती विद्या सांगता येत नाही," मास्तर म्हणाले.

शिल्पा मराठीत बोलली. "बाबा, प्लीज. सांगा ना. ते मला काढतायत, समजतंय का तुम्हाला?"

मास्तरांनी भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला नक्की माहीत होतं. एकीकडे मुलीची नोकरी होती, आणि दुसरीकडे साठ वर्षं जपलेली नजर. नजर नसून दुसरंच काही आहे हे सांगायचं, तेही साहेबांसमोर, हे त्यांना जमेना. त्यांनी विद्या निवडली.

मग मी बोलले. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे, पण त्या दिवशी पुरलं.

मी म्हटलं, नजर वगैरे काही नाही. दर सोमवारी तुमचे सगळे शर्ट आमच्याकडे दुरुस्तीला येतात. जो खेळतो त्याचा शर्ट फाटतो. खांद्याला, काखेत, बाहीला. ज्याचा शर्ट तीन सोमवार न फाटता येतो, त्याला तुम्ही खेळवत नाही. ज्याला खेळवत नाही, त्याला तुम्ही काढता. हे मला कळतं, मास्तरांना कळतं, उद्या तुमच्या धोब्याला विचारलंत तर तोही सांगेल.

साहेब टकल्याकडे बघत होता. टकला लॅपटॉपकडे बघत होता. मास्तर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांचं धोतर फेडलं.

पण वकीलबाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, हे आता सुचलेलं असू शकतं. आणि वडील मुलीला वाचवायला काहीही करतील. या दोघांचं संगनमत नव्हतं, याला पुरावा काय?

मला पुरावा माहीत होता. तो मी बाहेर काढायला नको होता, असं पुढे काही लोक मला म्हणाले. ते लोक तिथे नव्हते.

मी शिल्पाला म्हटलं, "जॅकेट काढ."

"का, मावशी?"

"काढ आणि दे त्यांना."

तिने जॅकेट काढून टेबलावर सरकवलं. मी वकीलबाईंना म्हटलं, नावाच्या पट्टीचा डावा कोपरा धरा आणि ओढा. त्यांनी दोन बोटांनी धरलं, थोडंसं ओढलं. सरसर करत सगळा दोरा सुटला आणि पट्टी त्यांच्या हातात आली. मागच्या बाजूला खडूची रेघ होती.

मी सांगितलं, ही कच्ची शिलाई. दर सीझनला शिल्पाला नवीन जॅकेट मिळतं, आणि दर सीझनला मास्तर तिच्या नावावर रेघ मारतात. सहा वर्षं. मुलीशी संगनमत असतं, तर बाप मुलीचं नाव कच्चं शिवून घेईल का?

वकीलबाईंनी वही मिटली. त्यांचं काम झालं होतं. साहेब उठला, मास्तरांशी हस्तांदोलन केलं, आणि जाता जाता हळूच आपल्या सुटाची कॉलर दाखवून विचारलं, माझं काय वाटतं? मास्तर म्हणाले, "हा सूट मी शिवलेला नाही. बाहेरच्या कामाबद्दल मी बोलत नाही."

शिल्पाने पट्टी उचलली, उलटी केली, खडूची रेघ अंगठ्याने पुसली. पुसली गेली नाही.

आयसेलिनपर्यंत तिनेच ड्राइव्ह केलं. टर्नपाइक हायवेवर ती म्हणाली, "दर वर्षी, बाबा?"

"बायकांचं काम नाही ते. मला वाटलं, फार तर एक सीझन."

"मग दुसऱ्या सीझनला?"

"तेव्हाही तसंच वाटलं."

"सिक्स इयर्स तुम्हाला तसंच वाटत होतं?"

"तुझं जॅकेट कधी फाटून आलं नाही," मास्तर म्हणाले.

"मी ते जपून वापरत होते," शिल्पा म्हणाली. "तुम्ही शिवलंय म्हणून."

मी मागे बसले होते आणि मला लघवीला लागली होती, पण ती वेळ गाडी थांबवा म्हणायची नव्हती.

त्यानंतर मास्तर माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की ते मशीनला सांगत. "तीन नंबरच्या ब्लाउजला हुक लावायचेत," असं मशीनकडे बघून म्हणायचे. मी मशीनकडे बघूनच बरं म्हणायचे. आमचं काम काही अडलं नाही.

टीमने काम आमच्याकडून काढून घेतलं नाही. उलट टकल्या माणसाने नवीनच सुरू केलं. दर सोमवारी किती शर्ट, कुठे, किती इंच फाटले, ते आम्ही लिहून पाठवायचं, आणि तो ते कॉम्प्युटरमध्ये घालणार. दोनशेच्या वर एक गोष्ट वाढली. ही बातमी खेळाडूंना कळायला दोन दिवस लागले. पुढच्या सोमवारी त्रेपन्नच्या त्रेपन्न शर्ट फाटून आले. जो वर्षभर बाकावरून हलला नव्हता, त्याच्या शर्टाच्या तर चिंध्या झाल्या होत्या. मास्तरांनी एकेक शर्ट उजेडात धरला आणि मशीनला म्हणाले, "ही कात्री आहे. हीही कात्री. हे दाताने केलंय." तरी टकल्याला सगळे इंच लिहून पाठवले. त्याने तेच मागितले होते. टकल्याच्या कॉम्प्युटरने त्या आठवड्यात सांगितलं, की टीममधला सगळ्यात जास्त झटणारा खेळाडू तो बाकावरचाच आहे. त्याला खेळवलं. हरलो.

एका शनिवारी कोच स्वतः आला. डोळ्यांना काळा चष्मा, डोक्यावर टोपी, आणि ओक ट्री रोडवर साडीच्या गर्दीत साडेसहा फुटांचा माणूस. वेषांतराचा काही उपयोग नव्हता. शेजारच्या मिठाईवाल्याने त्याच्याबरोबर फोटो काढला आणि हातात काजूकतली दिली. ती खात तो आमच्याकडे आला, जॅकेट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, जरा बघता का, नाव नीट आहे ना?

मास्तरांनी बोट फिरवून बघितलं. "ऑल राइट," म्हणाले.

कोचला फार बरं वाटलं. तो गेला तसे मास्तर तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "कच्ची आहे. आहे तशीच राहू द्या."

"शर्ट तर त्याचा फाटत नाही, मग कशावरून?" मी विचारलं.

"बाई, शिंप्याला विचारायला आला. अजून काय पुरावा पाहिजे?"

शिल्पाने जॅकेट आमच्याकडे परत आणलंच नाही. उरलेला सगळा सीझन ती बिननावाचं जॅकेट घालून मैदानाच्या कडेला धावली. टीव्हीवर कॅमेरा तिच्यावर गेला की छातीवर एक गडद पट्टा दिसायचा, जिथे ऊन लागलं नव्हतं, आणि त्याच्या कडेने भोकांची ओळ. मास्तर आता टीव्ही बघायला लागले होते. खेळ सुरू असला की कात्रीला धार लावायचे, आणि कॅमेरा कडेला गेला की धार लावायचं थांबवायचे. एका रविवारी त्या डॉक्टरीणबाई ब्लाउज न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, ही तुमची शिल्पा ना? काय करते तिथे नेमकं?"

मास्तर म्हणाले, "टीम सांभाळते." मग त्यांना आपणच काय बोललो ते ऐकू आलं असावं. म्हणाले, "वहिनी, कंबर. तीन इंच."

टीम त्या सीझनला सतरापैकी दोन मॅचेस जिंकली. पुढच्या ऑगस्टमध्ये शिल्पा नवीन जॅकेट आणि नवीन पट्टी घेऊन दुकानात आली. तिने ते मास्तरांसमोर ठेवलं नाही, माझ्यासमोर ठेवलं. मास्तर जागेवरून उठले, पट्टी उचलली, उलटी केली, खिशातून खडू काढला. शिल्पा बघत होती. ते बराच वेळ खडू धरून उभे राहिले. मग कसलीच खूण न करता पट्टी माझ्या मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "मला काही सांगता येत नाही."

एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं. मी पट्टी पक्की शिवली. तीन फेर मारले. शिल्पाने कोपरा धरून जोरात ओढून बघितला, मग जॅकेट अंगात घातलं. मास्तरांनी थर्मास उघडला, एक कप स्वतःला ओतला, थोडा विचार केला आणि दुसरा झाकणात ओतून तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला. गार होता, असं म्हणाली.

मास्तर त्याच हिवाळ्यात गेले, दुकानातच, खुर्चीवर. फ्यूनरल होममध्ये शिल्पाने टेप त्यांच्या गळ्यात राहू दे म्हटलं. मी काढून घेतली. दुकानात दुसरी नव्हती आणि सहा ब्लाउज अर्धवट होते.

नावं गळाली त्या सीझनच्या त्रेपन्नपैकी आता टीममध्ये कोणी नाही. कोचला शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी काढलं, साहेबाला त्याच आठवड्यात, टकल्याला पुढच्या आठवड्यात. वकीलबाई दुसऱ्या टीमकडे गेल्या. मी अजून शिवते. शिल्पा अजून तिथेच आहे.